माया ठेवलेली फांदी

आई आणि बाबांची पहिली भेट एका कोटामुळे झाली, आणि तो कोट दोघांपैकी कुणाचाच नव्हता.

कोट वकीलसाहेबांचा. बाबांनी तेव्हा नुकतंच स्वतःचं शिवणकामाचं दुकान थाटलं होतं. कोट शिवून, इस्त्री करून, हँगरला अडकवून ते पोचवायला निघाले आणि उशीर झाला म्हणून त्यांनी मागची गल्ली धरली. गल्लीतल्या एका बैठ्या घराच्या कुंपणावरून गुलाबाच्या लांबच लांब फांद्या बाहेर झुकल्या होत्या. वाऱ्याची झुळूक आली, एक फांदी हलली, आणि — चर्रर्र.

“अहो, कुणी आहे का घरात?”

आई बाहेर आली. हातात लाल पेन्सिल, कानामागे दुसरी. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर लोकांच्या चुका काढायची आणि उरलेल्या घरी घेऊन यायची.

“तुमच्या वेलाने माझ्या गिऱ्हाइकाचा कोट फाडला!”

“वेलीने,” आई म्हणाली.

“काय?”

“ती वेल. वेलीने फाडला.”

“तो असो नाहीतर ती असो, काटे त्याचेच ना?”

“तिचे.”

बाबा बघतच राहिले. “आमच्याकडे तो वेलच म्हणतात.”

“मग तुमच्याकडे चुकीचं म्हणतात.”

खरं तर दोन्ही बरोबर आहे. कोशात दोन्ही दिलेलं असतं आणि आईला ते चांगलं ठाऊक होतं. हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, वर बाबांना सांगायचं नाही म्हणून बजावलं.

कोट मात्र खरोखरच पाठीवर, शिवणीच्या अगदी कडेला फाटला होता. बाबा तिथेच पायरीवर बसले. स्वतःच्या कॉलरच्या आत खोचलेली सुई काढली, शिवण उसवली आणि आतलं जास्तीचं कापड अलगद बाहेर ओढून फाटलेला भाग आत लपवून टाकला. आई दाराला टेकून पाहत होती.

“हे जास्तीचं कापड आलं कुठून?”

“शिवताना आत ठेवावं लागतं. त्याला माया म्हणतात.”

“शब्द माहीत आहे मला.”

“मग विचारलंत कशाला?”

“कुणी ठेवताना पाहिली नव्हती.”

बाबांनी दोरा दाताने तोडला. कान लाल झाले होते, असं आई सांगायची. “वकीलसाहेब दरवर्षी थोडे वाढतात,” ते उगाचच म्हणाले. “त्यांच्या कोटाला दुप्पट ठेवतो.”

जाताना कुंपणापाशी थांबून त्यांनी त्या फांद्यांकडे असं पाहिलं, जसं एखाद्या वाईट बेतलेल्या सदऱ्याकडे पाहावं. “याला वळण लावायला हवं. उद्या कात्री घेऊन येतो. फुकट.”

“हिला,” आई म्हणाली. पण येऊ नका असं म्हणाली नाही.

त्या गुलाबाची एक गोष्ट होती. आईच्या आईच्या अंगणात तो होता — पांढरा, भिंतभर चढलेला, संध्याकाळी दारं उघडली की आतल्या खोलीपर्यंत वास येणारा. आजी गेली, ते घर गेलं. ताई, म्हणजे माझी मावशी, आणि आई या भाड्याच्या घरात आल्या तेव्हा आईने त्याची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. काडी जगली, फोफावली, कुंपणाबाहेर गेली. फूल मात्र एकही आलं नव्हतं.

बाबा दुसऱ्या दिवशी आले. मग येतच राहिले. हा गुलाब आपण होऊन चढत नाही, त्याला धरायला हात नसतात, फांदी वाकवून बांधावी लागते, हे दोघांना करता करता कळलं. बांधायला बाबा दुकानातल्या कापडाच्या पट्ट्या आणत. कुणाच्या झग्याची निळी, कुणाच्या पडद्याची पिवळी. थंडी पडली की ते कात्री चालवत, आणि ती अशी, की प्रत्येक फांदी नीट, आखूड, एका ओळीत.

“हा माणूस गुलाबाची मापं घ्यायला येतो की तुझी?” ताईने विचारलं.

“ताई, हळू बोल.”

“मी हळूच बोलतेय. त्याचे कान तिखट आहेत, त्याला मी काय करू?”

एका संध्याकाळी पट्टीची गाठ मारता मारता बाबा म्हणाले, “एक विचारायचं होतं.”

“विचारा.”

“म्हणजे... आत्ताच, असं काही नाही...”

आईने पेन्सिल कानामागे खोचली. विचारायचं काय ते तिला कळलं होतं. उत्तरही बहुधा कळलं होतं. पण आजी जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आनंदाची गोष्ट करायची तर त्या अंगणातलं काहीतरी हजर हवं, असं तिला वाटत होतं.

“हिला फुलं येऊ देत,” ती म्हणाली. “मग विचारा.”

“आणि नाही आली तर?”

“येतील हो. तुम्ही नीट बघाल ना तिच्याकडे?”

झालं. बाबांनी कंबर कसली. माती उकरली, खत घातलं, आणि पुढच्या थंडीत तर इतकी मन लावून छाटणी केली, की एकही फांदी इकडची तिकडे नाही. आई शेजारी उभी राहून कात्री हातात द्यायची, चहा द्यायची. उन्हाळा आला. पानं आली, हिरवीगार. फूल नाही. बाबांचा चेहरा उतरला.  दिला शब्द परत कसा घ्यायचा, हे आईला कुठल्याच छापील मजकुरात सापडलेलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या थंडीत छापखाना मोठ्या शहरात हलवायचं मालकांनी ठरवलं. जे सोबत येतील त्यांची नोकरी राहील. उन्हाळ्याच्या तोंडाशी निघायचं. बाबा छाटणी करत होते तेव्हाच आईने त्यांना सांगितलं.

कात्री थांबली. “जाणार?”

“नोकरी आहे.”

“हं.”

मग हात भरभर चालायला लागले. कच्, कच्, कच्. न्हाणीघराच्या भिंतीवरच्या उभ्या नळावरून एक फांदी छपराकडे गेली होती. बाबांनी कात्री तिच्याकडे वळवली.

“ती राहू दे,” आई म्हणाली.

“वेडीवाकडी आहे. सगळा बेत बिघडवतेय.”

“राहू दे म्हटलं ना.” आई कात्रीच्या आड आली. “वकीलसाहेबांच्या कोटाला दुप्पट माया ठेवता... हिला एवढीशी ठेवायला काय होतंय?”

बाबांनी कात्री बाजूला ठेवली. खिशातून करड्या अस्तराची पट्टी काढली आणि ती वेडीवाकडी फांदी नळाला बांधून ते निघून गेले. त्यानंतर बरेच दिवस आले नाहीत.

निघायच्या आठवड्यात आई ट्रंक भरत होती. संध्याकाळ होती, दार उघडं होतं. हातातली चादर तिने घडी घालता घालता खाली ठेवली... खोलीत आजीचं अंगण आलं होतं.

ती धावत बाहेर गेली. सगळं झाड हिरवं, नीटनेटकं, मुकं. आणि नळावरच्या त्या एका फांदीला, छपरापर्यंत, झुबकेच्या झुबके पांढरी फुलं. आईला आधी कळेना. मग तिने कापलेल्या फांद्यांकडे पाहिलं, न कापलेल्या फांदीकडे पाहिलं, आणि एकटीच मोठ्याने हसायला लागली. ताई आतून धावत आली, तिला वाटलं रडतेय. तेही अगदीच चूक नव्हतं.

दुकानात वकीलसाहेब अर्धवट बेतलेल्या कोटात उभे होते आणि बाबा तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पाठीशी वाकले होते.

“विचारा,” आई दारातून म्हणाली.

“म्म्?”

“विचारा आता.”

बाबांनी एकेक टाचणी तोंडातून काढून टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचली. शेवटची निघेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही.

“फुलं आली?”

“एका फांदीला. तुम्ही जी कापली नाहीत, तिला. जुन्या फांदीवरच येतात ती.”

“म्हणजे... इतके दिवस मी...”

“आपल्याच हाताने.”

“आणि कात्री कोण देत होतं?”

“मला तरी कुठे माहीत होतं!”

“अहो,” वकीलसाहेब म्हणाले, “मी इथे एका बाहीवर उभा आहे. काय ते लवकर विचारा.”

बाबांनी गळ्यातला टेप काढला, परत घातला. “राहाल का... इथे? म्हणजे, माझ्याबरोबर?”

“तो वेल म्हणायचं सोडाल?”

“ते नाही जमायचं.”

“मग राहते,” आई म्हणाली. “दुरुस्तीचं काम पुष्कळ दिसतंय.”

ती राहिली. त्या घराचं भाडं पुढे बाबा भरू लागले, नंतर ते घर आमचंच झालं. मुद्रितं टपालाने यायला लागली. छाटणी थंडीतून हलून फुलं सरल्यावर होऊ लागली. आणि माझ्या सगळ्या लहानपणभर ‘तो’ आणि ‘ती’चं भांडण चहाइतकं नेमाने चाललं. मी कुणाचीच बाजू घ्यायला नको म्हणून ‘गुलाब’ म्हणायला शिकले.

यंदाच्या थंडीत आई गेली. फुलं आली तेव्हा मी घरी होते. संध्याकाळी दार उघडं ठेवायचं की लावायचं, हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. ते उघडंच राहिलं.

फुलं सरल्यावर बाबांनी कात्री काढली. मी पट्ट्या धरून उभी.

“यंदा ती भरभरून फुलली,” ते म्हणाले.

मी चमकून पाहिलं. मग मीच म्हणाले, “बाबा, आता सांगायला हरकत नाही. दोन्ही बरोबर आहे. तो वेल, ती वेल. आईला माहीत होतं.”

“मलाही होतं.” कात्री चालूच होती. “कोट पोचवला त्याच दिवशी वकीलसाहेबांना विचारलं होतं.”

“मग इतकी वर्षं ‘तो’ म्हणत राहिलात?”

“तिला बोलायला लागायचं ना मग.” त्यांनी एक वाळकी काडी काढून खाली टाकली. “आता ‘तो’ म्हणून काय करू? दुरुस्त कोण करणार?”

न्हाणीघराच्या नळावरून नवी फांदी छपराकडे निघाली होती. लांब, वेडीवाकडी. बाबांची कात्री तिच्यापाशी येऊन थांबली. मी हातातल्या पट्ट्यांमधून करडी निवडली.

“या वेलाची एवढी फांदी ठेवू या ना, बाबा?”

ते वळले. माझ्या हातातली करडी पट्टी घेतली.

“वेलीची,” म्हणाले.