पिठातला अंगठा

ही गोष्ट ऐकीव नाही. आरे-वारेच्या वरच्या अंगाला आमची वाडी, आमच्याच भावकीतलं घर, आणि कमळाच्या दहाव्याची ती रात्र.

कमळा फुरसं साप चावून वारली. तिचा जीव जिथे गेला तिथे रीतीप्रमाणे तांदळाचं पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली पालथी घातली. सकाळी पिठात काही उमटलं तर बाई मार्गी लागली म्हणायचं. तिची म्हातारी आई सोनूबाई वाडीतच राहते. ती त्यासाठीच डोळे लावून बसली होती.

कमळाची पुतणी शमिका हसली. ती मुंबईला विद्यापीठात फॉरेन्सिक शिकायची. दिवाळीत तिने सरावासाठी घरातल्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे घेतले होते.

"काकी काय पिठात सही करणार?" सगळ्यांदेखत म्हणाली.

पहाटे तीच आधी उठली. टोपली उचलली...

पिठात एक अंगठा होता.

मधून तिरका चिरलेला. कमळाचा अंगठा विळीने कापला होता, तसाच.

आधी फोटो, मग हात. पहिल्याच वर्षी शिकवलेलं. पण रात्रीचं स्वतःचं हसणं तिला आठवलं. तिने अंगठा फिरवून पीठ सारखं केलं.

"काय दिसलं गो?" सोनूबाईने विचारलं.

"कायच नाय."

म्हातारी मटकन खाली बसली. पोरगी वाटेतच राहिली, एवढंच पुटपुटत राहिली.

पुढे प्रॅक्टिकलला शमिकाने स्वतःचे ठसे दिले. सरांनी तिचाच दिवाळीतला जुना कागद घेऊन ताडून पाहिला. म्हणाले, हा अंगठा तुझा नाही.

तिचा अंगठा तर गुळगुळीत होता. नव्या कागदावर मात्र... तिरकी चीर.

मे महिन्यात ती रेशनला गेली. मशीन तिचा अंगठा घेईना. मुंबईचं पाणी लागलं वाटतं, म्हणून दुकानदार यासीनने चेष्टा केली. मागे रांगेत सोनूबाई उभी होती. घरच्या कार्डावरून कमळाचं नाव अजून काढलं नव्हतं.

शमिका हळूच म्हणाली, "यासीनभाई, काकीचं नाव लावून बघा."

मशीनने लगेच घेतला.

यासीनचं हसू गेलं. सोनूबाईने मागून शमिकाचा हात धरला.

"कायच नव्हतं म्हणालीस ना गो?"

शमिकाचं शिक्षण सुटलं. आता रोज तिन्हीसांजेला सोनूबाई ताटात पीठ घेऊन येते. शमिका अंगठा टेकवते. म्हातारी त्या ठशाशी पोरीशी बोलावं तसं बोलते.

काल मी तिथेच बसलो होतो. शमिकाने अंगठाच टेकवला. एकच.

पिठात मात्र...

पाचही बोटं.

शमिका रडायला लागली. सोनूबाईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिठाला म्हणाली, "ये गो बाय. अजून थोडं ये."

आज आमच्या घरी भाकऱ्या झाल्या नाहीत. पिठाचा डबा उघडायला कोणी तयार नाही.