नकाराची तपासणी

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डॉ. मुजावर त्र्यंबकराव सरंजाम्यांच्या सांगलीतल्या घरी येत आणि त्यांना काहीतरी मूर्खपणाचं करायला सांगत. या वेळी त्या म्हणाल्या, "सर, मिशी अर्धीच काढून टाका."

"तुमची अक्कल कुणी अर्धी काढली?" त्र्यंबकराव म्हणाले. डॉक्टरबाईंनी समाधानाने 'निरोगी' अशी नोंद केली.

मेंदूच्या मध्यभागी डावं-उजवं अशी दोन लहान केंद्रं असतात. माणसाची जाग आणि इच्छा यांचा कारभार तिथून चालतो. बहुतेकांच्या दोन्ही केंद्रांना वेगवेगळ्या धमन्या रक्त पुरवतात. त्र्यंबकरावांसारख्या थोड्या लोकांत मात्र एकाच धमनीला फाटे फुटून रक्त दोन्हीकडे जातं. तिच्यात बारीकशी गुठळी अडकली, की दोन्ही केंद्रं एकदम बंद पडतात. हातपाय चालतात, बोलणंही शाबूत राहतं, फक्त इच्छा मरते आणि माणूस कशालाही हो म्हणू लागतो. अशांना 'होकारी' म्हणत. स्कॅनमध्ये हा झटका आठवड्याने दिसे, स्वभावात त्याच दिवशी. म्हणून सरकारने स्वभावच तपासायला घेतला. होकारी ठरलेल्याची सही रद्द होई आणि त्याला कायमचं देखभालगृहात हलवत.

त्र्यंबकरावांना त्याची धास्ती नव्हती. चाळीस वर्षं नाट्यस्पर्धांचे परीक्षक म्हणून त्यांनी भल्याभल्यांच्या नाटकांना नाकं मुरडली होती. पोटच्या मुलीला, ऋजुताला, उत्तेजनार्थ बक्षीस देताना "हेही दयेपोटी" असं ते भर मंचावरून म्हणाले होते. त्यानंतर अकरा वर्षं तिने नाटकाचं नाव काढलं नाही. आता तर त्यांचा तुसडेपणा हाच तब्येतीचा दाखला ठरला होता, आणि ते तो तोऱ्यात मिरवत.

डॉक्टरबाई चपला घालत होत्या, तेवढ्यात ऋजुता जेवणाचा डबा घेऊन आली. तिचे केस पिकायला लागलेले त्र्यंबकरावांना दिसले.

"ऋजू, ते तुझं नाटक चांगलं होतं गं," ते म्हणाले. "पहिलं यायला हवं होतं. मला हेवा वाटला. चुकलंच माझं."

ऋजुताचा चेहरा पांढरा पडला. "डॉक्टर, थांबा जरा," ती कशीबशी म्हणाली. "बाबा असं कधी बोलत नाहीत."

डॉक्टरबाई परत येऊन समोर बसल्या. "सर, ऋजुताताईंचं नाटक कसं होतं? विचार करून सांगा."

त्र्यंबकरावांना त्या बाईची, तिच्या नोंदवहीची आणि तो कायदा करणाऱ्या दीडशहाण्यांची मनस्वी किळस आली. माणसाला पश्चात्ताप होऊ शकतो, हे यांच्या गावीही नव्हतं. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती डोळ्यांनी विनवत होती ते जुन्याच उत्तरासाठी.

"भिकार होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या अंकात उठून जावंसं वाटत होतं."

ऋजुताने डोळे पुसले. "बरे आहेत हो बाबा," ती डॉक्टरबाईंना हसून म्हणाली, आणि तिने ताट वाढायला घेतलं.