उलट्या बाजूची चेन

तो दुकानात शिरला तेव्हा त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता, आणि उरलेल्या डोळ्याने तो सरळ तिच्याकडेच बघत होता.

"हा झुला परत घ्या," त्याने काउंटरवर एक ओला बोळा ठेवला. "याच्यात मला डासांनी जिवंत खाल्लं."

बाहेर पाऊस लागला होता. ती शिलाई मशीनवरून उठली, तिने बोळा उलगडला. दोन झाडांना बांधून झोपायचा कापडी झुला, वर मच्छरदाणी शिवलेली. कापड असं पातळ, की त्यातून दारातला पाऊस दिसत होता.

"हा आमच्याकडचा नाही."

"ठाऊक आहे. पण ज्याचा आहे तो परत घेत नाही. म्हटलं, तुम्ही तरी घ्याल."

तिला हसू फुटलं. "पाठीलाच चावले ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"घेताना एका बोटावर उचलून पाहिला असेल. हलका लागला, घेतला! सगळे तेच करतात. जाळी आहे, मग काय भीती? अहो, डास काय वरूनच येतात? तुम्ही या असल्या कापडाला पाठ टेकून पडलात, की खालून त्यांचं ताट वाढलेलंच."

"मग जाड कापडाचा द्या."

"आणि तो पाठीवर घेऊन दलदलीतून चालायचं कुणी? मी?"

"आलात तर माझी हरकत नाही," तो म्हणाला... आणि स्वतःच गोरामोरा झाला. सुजलेला डोळासुद्धा लाल झाला.

दलदलीच्या जंगलात पाणपक्ष्यांची मोजदाद करणं हे त्याचं काम. दुकान तिच्या मामाचं. पाठपिशव्या, तंबू, झुले, जे जे म्हणून रानात न्यायचं ते तिथे शिवलं जाई, आणि शिवणारी ती. तिला लहानपणापासून मामा-मामींनीच वाढवलं होतं. दोघं जीव लावणारी होती, पण काही हवं झालं तरी तोंडाने मागायचं नाही, ही सवय तिने आपली आपणच लावून घेतली होती. एरवी जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाइकांची थट्टा करावी तर तिनेच! फक्त मनातलं काही सांगायची वेळ आली, की घोडं तिथेच अडायचं.

त्याच्यासाठी नवा झुला शिवायला घेतला, आणि तो मापं द्यायला येऊ लागला. मापं एकदाच द्यायची असतात. तो पुनःपुन्हा देत राहिला. "तुझं ते डासांचं जेवण आलंय गं," मामी आतून हाक मारायची, आणि तिच्या हातातली सुई हमखास बोटात जायची.

दुकानाच्या भिंतीला झुले टांगून बघायला कड्या होत्या. तिथे ती त्याला शिकवायची.

"सरळ नाही, तिरके झोपा."

"मी जन्मभर सरळ झोपत आलोय."

"म्हणूनच केळ्यासारखी पाठ झालीय. पाय त्या कोपऱ्यात, डोकं या. पायाकडची दोरी जरा वर... हां. आता बघा, कापड कसं सपाट झालं."

"झालं खरं." तो जाळीतून वर बघायचा. "मालकीणबाई, जाळी नाकाला लागतेय."

"मालक मामा आहे, मी नुसती सुई. आणि नाकाला लागतेय कारण वरची दोरी तुम्ही ताणलेलीच नाही. जाळी जिथे अंगाला टेकेल तिथे डास चावणार. आपलं आणि तिचं अंतर हवं."

"अंतर..." तो म्हणाला. "मला तर ते नकोसं झालंय."

ती दोरी ताणत राहिली. गाठ आपोआप घट्ट बसली, जरुरीपेक्षा जास्तच.

पाठीखाली तिने दोन पातळ कापडं घेतली, मध्ये जरा पोकळी ठेवून, म्हणजे डासाची सोंड पोहोचू नये. जाळी मात्र बारीक घेतली, चिलटंही शिरणार नाहीत अशी. वजन वाढायला लागलं, तेव्हा नाकापेक्षा मोती जड नको म्हणून तिने कडेची शोभेची पट्टीच काढून टाकली. मुंग्या दोरीवरून उतरू नयेत म्हणून दोन्ही टोकांना औषधात भिजवायच्या चिंध्या बांधून दिल्या. त्याला काहीही चावू नये, एवढंच तिला त्या दिवसांत हवं होतं.

एकदा जाता जाता तो दारात थांबला. "मला आता कायमचं केंद्र मिळणार आहे. तळ्याकाठचं. घर देतात, जोडीने राहता येतं. तिथे सामान शिवणारं असं कुणी..."

त्याने वाक्य तिथेच सोडलं. छत्री उघडली आणि गेला. ते अर्धं वाक्य ती रात्रंदिवस ऐकत राहिली. पुढचं त्याने बोलावं म्हणून वाट पाहिली, आणि तो बोलेना, तेव्हा तिने तिला जे येत होतं ते केलं. एकाऐवजी दोन झुले शिवले.

झुल्याच्या जाळीला आत-बाहेर करायला एका अंगाला लांब चेन असते. ती नेहमी उजवीकडेच लावतात. दोन तसले झुले शेजारी टांगले, की एकाची चेन दुसऱ्याकडे उघडते आणि दुसऱ्याची रानाकडे. तिने स्वतःच्या झुल्याला चेन उजवीकडे लावली. त्याच्या झुल्याला डावीकडे. दोन्ही त्याच दोन झाडांना शेजारी बांधले, डोकी एका बाजूला ठेवली, तर दोन्ही चेनी समोरासमोर उघडणार होत्या. हात लांब केला की हात हातात येणार होता.

"टांगलात की कळेल," एवढंच ती देताना म्हणाली. तिचे कान तापले होते.

तो नवा झुला घेऊन दलदलीत गेला. ते दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दाराशी कुणाचीही छत्री मिटली तरी तिचा पाय मशीनवर थबकायचा.

मग तो आला. डोळे दोन्ही उघडे, अंगावर एक फोड नाही.

"काय झोप लागली म्हणून सांगू!" त्याने पिशवीतून झुला काढला. "फक्त हा दोरीचा फास जरा सैल झालाय."

तिने झुला हातात घेतला. चेन उजवीकडे होती. जाळी सगळी उसवून, फिरवून, पुन्हा शिवलेली होती. जाड दोऱ्याने, कुण्या परक्या हाताने.

म्हणजे त्याला कळलं होतं. कळलं आणि नको होतं. तोंडावर नाही कसं म्हणावं, म्हणून त्याने गुपचूप उसवून आणलं होतं. तिला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिने खाली मान घालून फास घट्ट केला. एकेक टाका घालताना ती स्वतःला बजावत होती... रडायचं नाही. गिऱ्हाईक आहे.

"मी आज निघतोय," तो म्हणाला. "तळ्याकाठचं केंद्र नाही घेतलं. पार टोकाचं बेट मागून घेतलं. तिथे एकट्यानेच राहावं लागतं, घरच्यांना न्यायची परवानगी नाही. सहीही करून आलो."

"बरं केलंत."

"बरं?" तो तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही काही विचारणार नाही?"

"मी काय विचारणार? उत्तर तर शिवूनच आणलंत की!"

"कसलं उत्तर?" मग त्याची नजर चेनकडे गेली. "हे होय... तुम्ही रागावलात? अहो, घाईत तुमच्याकडून चेन उलटी लागली होती. मामांनी पाहिलं असतं तर तुम्हाला बोलले असते. म्हणून बाजारातल्या शिंप्याकडून नीट करून घेतली. तुमची चूक कुणाला दिसायला नको म्हणून..."

ती हसली. ते हसू ऐकून मामी आतून डोकावली आणि परत गेली.

तिने कपाटातून आपला झुला काढला. दोन्ही शेजारी कड्यांना टांगले. "झोपा."

तो आपल्या झुल्यात तिरका झोपला, तिनेच शिकवलं होतं तसा. ती आपल्यात शिरली. तिने चेन ओढली, जाळी बाजूला झाली आणि तिचा हात त्याच्या झुल्यापर्यंत पोहोचला. तिथे त्याची जाळी होती. अखंड. त्याची चेन पलीकडे, भिंतीकडे उघडत होती.

 त्याने आतून जाळीला तळवा टेकवला, तिच्या तळव्यासमोर.

"चूक नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"मी रोज वाट बघत होतो, तुम्ही काही म्हणाल म्हणून. काहीच नाही म्हणालात. म्हणून तर बेट मागून घेतलं." त्याचा आवाज फाटला. "माझंच उत्तर मी शिंप्याला पैसे देऊन उसवलं!"

"विचारायचं होतं एकदा."

"तुम्ही सांगायचं होतं एकदा."

दोघांचंही खरं होतं, आणि त्याचा आता दोघांनाही उपयोग नव्हता. बाहेर त्याला धक्क्यावर न्यायला आलेल्या गाडीचा भोंगा वाजला. बेटाकडे जाणारी होडी कुणासाठी थांबत नसे.

"पुन्हा फिरवून दे ना," तो उठून बसला. "होती तशी."

'द्या' सोडून त्याने पहिल्यांदाच तिला 'दे' म्हटलं होतं. तिने जाळीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. एकदा उसवलेल्या जागी भोकं मोठी झाली होती. "आणखी उसवली तर विरेल. मग चिलटं शिरतील, तापाने पडशील. तिथे बघायला कोण आहे?" तिने झुला कड्यांवरून सोडवला, घडी घातली, पिशवीत भरला. "असाच ने. असा तो पक्का आहे."

तो पिशवी घेऊन दारात उभा राहिला. भोंगा पुन्हा वाजला. तिला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही.

"परत ये," ती म्हणाली. शेजारच्या दुकानालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "ऐकलंस? मला तू हवा आहेस. परत ये."

एवढं उघड तिने आजवर कुणाकडे काहीच मागितलं नव्हतं. तो पावसात उतरला होता, तिथून दोन पावलं तिच्याकडे परत आला, त्याने मान डोलावली, ओठही हलवले, पण भोंग्यात ते तिला ऐकू आलं नाही. मग गाडी गेली.