खिडकीपलीकडचे हात

हे कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच बाबतीत घडलंय. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं, मला कोणाची मनधरणी करायची नाही.

आणि हो, रात्रबित्र नव्हती. लख्ख ऊन पडलेली, सुट्टीतली भरदुपार होती.

मी तेव्हा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होते. वडील नाहीत, आई काकांच्या आश्रयाला. पैशांची अडचण असलेल्या मुलांना विद्यापीठ अर्धवेळ काम द्यायचं. कोणाला ग्रंथालयात, कोणाला बागेत. माझ्या वाट्याला आली मेसची भांडी. वर्षाच्या मध्येच एक जागा रिकामी झाली आणि मॅनेजरने मला ठेवून घेतलं. कामाच्या बदल्यात हॉस्टेलची खोली आणि जेवण.

हे कळताच काकांनी बजावलं होतं, "काम सुटलं की गुमान परत यायचं आणि दुकानात बसायचं. पुढचं शिक्षण विसरायचं."

परत जायचं म्हणजे जन्मभर काकूंचे टोमणे गिळायचे. त्यापेक्षा भांडी परवडली.

भांडी घासायच्या खोलीला जेवणघराच्या बाजूने एक खिडकी होती. कमरेएवढ्या उंचीवर, रबराचा जाड पडदा लावलेली. पोरं जेवली की पडद्याखालून ताट आत सरकवायची. मला त्यांचे फक्त हात दिसायचे. अंगठ्या, घड्याळं, रंगवलेली नखं. अर्ध्याहून जास्त अन्न टाकून देणारे हात. मला त्या हातांचा मनस्वी राग यायचा.

त्या दिवशी सुट्टी लागली होती. सगळे घरी गेलेले. मॅनेजरने खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायला लावल्या, जेवणघराला बाहेरून कुलूप घातलं आणि मोठी पातेली घासायला मला एकटीला थांबवलं. आचारीमावशी मागे कोठी आवरत होत्या.

मी नळ बंद केला...

आणि खिडकीतून ताट आत आलं.

स्टीलच्या ओट्यावर घासत, सावकाश.

खरकटं होतं. मला वाटलं, कोणीतरी कारटं मागे राहिलंय आणि माझी गंमत करतंय.

"मेस बंद आहे! डोळे फुटले का?"

पावलांचा आवाज नाही. जेवणघराची फरशी अशी होती की मांजर चाललं तरी ऐकू यावं.

चडफडत ताट घासलं. त्या चौकोनी ताटाचा एक कोपरा चेपलेला होता. मांडणीत उभं केलं आणि पातेल्याकडे वळले.

पुन्हा तोच आवाज...

पुन्हा ताट. चेपलेल्या कोपऱ्याचं.

मांडणीत बघितलं. आत्ता ठेवलेलं ताट तिथे नव्हतं.

या वेळी ताटात अन्न होतं. चिवडलेला भात आणि उकडलेला बटाटा.

सकाळी मी दुपारसाठी डब्यात तेच भरून आणलं होतं.

डबा माझ्या पिशवीत होता. पिशवीची गाठ तशीच. डबा उघडला...

आत शीतसुद्धा नव्हतं. पुसून घेतल्यासारखा लख्ख.

भीती वाटायला हवी होती ना? मला संताप आला. सकाळपासून पोटात काही नाही, आणि माझ्या तोंडचा घास कोणी पळवतंय! तेवढ्यात ताट परत मागे जायला लागलं. मी झडप घालून धरलं आणि खेचलं.

पलीकडून कोणीतरी घट्ट धरलं होतं.

मी पाय रोवून ओढलं. ताट सुटून खणकन खाली पडलं... आणि पडद्याखालून आलेल्या हाताने माझं मनगट पकडलं.

बाईचा हात होता. गार नव्हता. उलट गरम, ओला. सोड्याने सोललेली कातडी. बोटांची टोकं पाण्यात राहून राहून सुरकुतलेली.

अगदी माझ्या हातासारखा हात.

त्याने माझी बोटं एकेक करून चाचपली. मग पलीकडून आवाज आला. अगदी साधा, मुलीचा.

"ती जागा माझी आहे."

माझी जीभ डोक्याच्या आधी धावते. तेव्हाही धावली.

"तुझं नाव कोरलंय का तिच्यावर? मलाही पोट आहे!"

हाताने हिसका दिला. खांद्यापर्यंत मी खिडकीत ओढली गेले, कपाळ भिंतीवर आपटलं.

"नीघ तिथून."

"नाही निघत! काय करायचं ते कर!" मी रडत होते आणि ओरडत होते.

मागून आचारीमावशी धावत आल्या. हात सुटला.

मॅनेजरला बोलावलं. त्याने कुरकुरत कुलूप काढलं. सगळ्या खुर्च्या उलट्या, जागच्या जागी. फक्त खिडकीजवळची एक खुर्ची खाली उतरवलेली... आणि तिच्याखाली साबणाच्या पाण्याचं थारोळं.

मॅनेजरने ते बघितलं. माझ्या कपाळावरचं टेंगूळही बघितलं.

"काम झेपत नसेल तर सांग," तो म्हणाला. "पोरी रांगेत उभ्या आहेत."

तो गेल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "तुझ्याआधी एक पोर होती. तापाने आठवडाभर आली नाही, तर यांनी तिचं काम काढून घेतलं. मग खोलीही गेली. बोचकं घेऊन निघाली बिचारी."

"मग?"

"घरी पोचलीच नाही. तिची आई विचारत आली होती, माझ्यापाशी बसून रडली. आता पुढचं नको विचारूस बाई."

मी खोलीवर जाऊन पिशवी भरली. परत रिकामी केली. भूत मारून मारून एकदाच मारेल. काकूंचं रोजचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर होते.

शिक्षण संपेपर्यंत मी तिथेच काम केलं. रोज शेवटचा माणूस जेवून गेला, कुलूप लागलं, की एक ताट यायचं. मी घासायचे. डबा फडक्याने कमरेला बांधून काम करायचे. एकदा उकळत्या पाण्याचं पातेलं आपोआप कललं आणि पाय भाजला. पट्टी बांधून पुन्हा गेले. ती हटली नाही, मीही हटले नाही.

शेवटची परीक्षा झाली. भांडी आवरून मी ॲप्रन काढला. मॅनेजर तिथेच, भांड्यांच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून मोबाइल बघत बसला होता.

"साहेब, उद्यापासून मी येत नाही."

"बरं."

त्याच्या पाठीमागे पडदा हलला...

सुरकुतलेली बोटं अलगद ओट्यावर आली.

"मग मी येऊ का?"

मॅनेजरने मान वळवलीसुद्धा नाही.

"ये की. सकाळी ये. वेळेवर."

बोटं मागे गेली. मी म्हणाले,

"साहेब... जेवणघराला कुलूप आहे."

"मग?" म्हणत त्याने मान वर केली. त्याचा हात खिशातल्या किल्लीवर गेला, आणि तिथेच थांबला.

मी ॲप्रन टाकला आणि निघाले. त्याने मला दोनदा हाक मारली, पण मी मागे वळले नाही.

सकाळी तिथे काय झालं, मला माहीत नाही. आचारीमावशींचा नंबर आहे माझ्याकडे. विचारायचा धीर अजून झालेला नाही.