बिनरेघेचं कार्ड

सोमवारपासून चांगुणा गायकवाडला कामावर येऊ नको म्हणून सांगायचं ठरलं होतं. पण ऊस संशोधन केंद्राच्या संचालकांचं मन खाऊ लागलं आणि त्यांनी नगरहून खाजगी गुप्तहेर आबासाहेब गाडे यांना बोलावलं. बरोबर त्यांचा मदतनीस भिमाजी होता, चहाच्या वेळेबाबत पक्का.

श्रीगोंद्याजवळच्या या केंद्रात संगणक नव्हता. प्रोग्रॅमर सहादेव कागदावर प्रोग्रॅम लिही, चांगुणा यंत्रावर भोकं पाडून त्याची कार्डं पंच करी आणि शिपाई कानिफनाथ तो गठ्ठा एस.टी.नं पुण्याच्या संगणकावर नेऊन छापील कागद घेऊन परते. खऱ्या कामाआधी उत्तरं ठाऊक असलेली चाळीस गणितं चाचणीला लावत. प्रोग्रॅममध्ये काही खटकलं, की संगणक दर गणितामागे पानभर इशारे छापी.

दोन आठवड्यांपूर्वी सहादेवनं प्रोग्रॅममध्ये नवा भाग घातला. नेमके तेव्हापासून इशारे थांबले. सगळे खूश झाले. मग चाचणीची उत्तरं ताडली, तर एक होतं, शंभर किलो उसात एकशे बारा किलो साखर.

गठ्ठ्यात इशारे बंद करणारं एक कार्ड सापडलं. स्वतःच्या चुका झाकायला चांगुणानंच ते घातलं, असं सहादेवचं म्हणणं.

चांगुणा शांतपणे म्हणाली की गठ्ठा पुरा झाला की ती सगळ्या कार्डांच्या वरच्या कडांवरून निळ्या पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढते, म्हणजे कार्डं सांडली तरी क्रम लागतो. आपण कार्डांना हात लावत नाही, असं सहादेवनं सांगितलं. कानिफनाथ म्हणाला, आपलं काम ओझं वाहायचं. त्याच्या स्टुलाच्या वर खिळ्याला, डोक्यावरच्या ओझ्याखाली ठेवायची कापडी चुंबळ टांगली होती. भिमाजीनं ती काढून पाहिली, तो धुळीनं शिंकला आणि त्यानं ती परत टांगली.

दुपारी आबासाहेबांनी सगळ्यांसमोर ते कार्ड टेबलावर ठेवलं.

"गठ्ठ्यातल्या प्रत्येक कार्डाच्या कडेला निळा ठिपका आहे. यालाच नाही. म्हणजे रेघ ओढल्यावर हे आत गेलं. तोवर गठ्ठा चांगुणाच्या हातून निघाला होता. आणि इशारे थांबल्यापासून एका माणसाला चुंबळ लागलेली नाही."

कानिफनाथनं मान खाली घातली.

"व्हय सायेब. पुन्याच्या आपरेटरनं दिलं. म्हनला, लई कागद जातुय, हे म्होरं लाव. माझं बी वझं हलकं हुतंय म्हनून लावलं. पोरीवर आळ येईल आसं वाटलं न्हाई."

कार्ड काढून गठ्ठा पुन्हा पुण्याला गेला. या वेळी कागद चुंबळीवरून आले. पहिल्याच पानावर इशारा होता, एक चल किंमत न देताच वापरलंय. चांगुणानं ती ओळ सहादेवच्या कागदाशी ताडून पाहिली. चूक तिथंच होती, त्याच्याच अक्षरात.

सहादेवनं तिची माफी मागितली. संचालकांनी तिला सोमवारी यायला सांगितलं, तर ती म्हणाली, "येतेच की, कार्डं पंच करायची पडलीत." भिमाजीला दुसरा चहा मिळाला.

तेव्हापासून पुण्याची गाडी यायच्या वेळी सहादेव स्टँडवर जातो. इशाऱ्यांच्या कागदांचा अर्धा गठ्ठा तो स्वतःच्या डोक्यावर आणतो.