काठापासून आत

तुंबलेला पाइप मोकळा झाला तर सूनबाईच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. एक तर सासूबाईंच्या खोलीला लागून असलेली न्हाणी पुन्हा वापरात आली असती, आणि भांडं उचलून व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेण्याच्या दिवसाच्या पाच फेऱ्या वाचल्या असत्या. खोलीतला तो कोंदट वास गेला असता. तिसरी गोष्ट तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. सासूबाईंनी पूर्वीसारखे नळाखाली पाय धरले असते आणि सूनबाई साबण कसा उधळते यावर तिला पोटभर ऐकवलं असतं.

तशा त्या अजूनही ऐकवत. पण दम पुरत नसे. टोमणा अर्ध्यावर यायचा आणि तिथेच बसायचा. मग उरलेला अर्धा सूनबाईच पुरा करायची, स्वतःच्याच विरुद्ध, न चुकता.

"अंगात पाणी झालंय," डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी सासूबाईंच्या नडगीवर अंगठा दाबला तेव्हा पडलेला खळगा बराच वेळ भरून आला नव्हता. "गुरुवारी दाखल करा. पाणी काढून बघू." आणि जिन्यात, आवाज खाली आणून, "झेपेलच असं नाही सांगता येत. तयारीत राहा."

आज मंगळवार होता.

सासूबाई आठ महिने आडव्या झाल्या नव्हत्या. आडवं झालं की श्वास कोंडायचा. खोलीभर अंथरलेल्या हिरव्या गालिच्याच्या मधोमध त्यांची खुर्ची होती. त्या तिथेच बसत, तिथेच झोपत आणि तिथूनच घर चालवत. नवरा महिन्याचे वीस दिवस फिरतीवर. सासूबाईंशी अकरा वर्षं भांडून सूनबाईला एवढं कळून चुकलं होतं, की या घरात तिच्याकडे नीट लक्ष देऊन बघणारं माणूस एकच आहे, आणि ते खुर्चीत बसून तिच्या चुका मोजतंय. ते गेलं तर आपण चुकलो हेही सांगायला कुणी उरणार नाही.

प्लंबर दहाला आला. काडीसारखा माणूस, पण तोंड चौघांचं. त्याने दाराशी बूट काढले, भिंतीवर तीन ठिकाणी टकटक केली आणि म्हणाला, "आजी, खुर्ची जरा सरकवायची का?"

"मला हलवायला..." सासूबाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

"चार माणसं लागतील, आणि ती आणायची वेळ लवकरच येणार आहे," सूनबाईने पुरं केलं. "राहू द्या हो. तशाच बसू द्या."

त्याने खोलीच्या भिंतीलगतच्या पाइपाचा जोड सैल केला. खाली बादली होती, पण आतलं पाणी बादली बघून थोडंच थांबतं! काळं, दाट पाणी भसकन आलं, बादलीवरून उडालं आणि गालिच्यावर पसरत थेट खुर्चीच्या पायांपर्यंत गेलं. सूनबाई फडकं घेऊन धावली आणि खसाखसा घासायला लागली.

"अहो वहिनी, घासू नका! घासलं की घाण आत बसते. टिपा. जुनी चादर टाका, गुडघ्याने दाबा, उचला, पिळा. आणि काठापासून आत जायचं. मधून सुरुवात केली तर डाग खोलीभर होईल."

"टिपायला हिला..." सासूबाई म्हणाल्या. "मी गेल्यावर डोळे..."

"टिपायला रुमालाचं टोकसुद्धा लागणार नाही. कळलं," सूनबाई म्हणाली आणि चादर अंथरली.

प्लंबर हसला. "तुम्ही टिपा, मी ओततो. इथे ओतता यायचं नाही, पाइप उघडा आहे. व्हरांड्याच्या टोकाला जाळी आहे ना, तिथे नेतो." सांडलं आपल्या हातून, म्हणून त्याने ते काम स्वतःकडे घेतलं. भला माणूस. सूनबाईने मनापासून आभार मानले.

पहिली बादली काळी निघाली. तो ती पेलत धावतच गेला.

दुसरी तपकिरी. तेव्हा सूनबाईच्या मनात हिशेब चालू झाला. सांडलं होतं फार तर अर्धी बादली. पण काठ कोरडा होई, ती हातभर आत सरके, चादर दाबे, आणि चादर पुन्हा जड होऊन वर येई. वासही बदलला होता. मोरीचा नव्हता. बंद खोलीचा, औषधांचा, उशीचा होता.

"गालिच्याने बरीच वर्षं पाणी प्यायलेलं दिसतंय," प्लंबर म्हणाला. त्याने घड्याळाचा पट्टा एक भोक सैल केला.

तिसरी बादली फिकट चहाच्या रंगाची होती. ती घेऊन तो दाराबाहेर पडला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती चांगली चादर आहे, पोतेऱ्याला काय घेतलीस?"

सूनबाई पुढचं पुरं करायला तोंड उघडणार, तर पुरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तिने मान वर केली. सासूबाईंच्या पायाचा घोटा दिसत होता. आठ महिन्यांत दिसला नव्हता, आज दिसत होता. हाड, शीर, सुरकुती, सगळं जागच्या जागी.

"काय बघतेस? पाय कधी बघितला नाहीस?"

"नाही," ती म्हणाली. तिला रडू येत होतं. "म्हणजे हो."

ती आत सरकली. दाबलं. उचललं. पिळलं.

चौथी बादली पिवळसर होती आणि कोमट. प्लंबर ती घेऊन गेला, आणि परत यायला त्याला वेळ लागला. दारात आला तेव्हा त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं होतं. मनगटावर पट्ट्याचा खोल चर होता. सूनबाई चादर पिळत होती. पिळून झाली, तरी तो चर तसाच होता.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"उन्हातून आलो ना." तो चौकटीला टेकला. सासूबाईंकडे बघत राहिला. त्या एक लांबलचक टोमणा मारत होत्या, मोलकरणीपासून ते सूनबाईच्या माहेरापर्यंत, एका दमात. "आजींना बरं वाटतंय, नाही?"

"हो."

"माझ्या आईला असंच झालं होतं," तो म्हणाला. "तिचं कुणी टिपून घेतलं नाही."

इथे थांबता आलं असतं. चार बादल्या झाल्या होत्या, काम बरंचसं उरकलं होतं, गालिचा वाळला असता. तिने त्याच्या मनगटाकडे बघितलं. मग खुर्चीतल्या पायांकडे बघितलं.

तिने कोरडी चादर घेतली आणि अंथरली.

पाचवी.

सहावी त्याने दोन्ही हातांनी उचलली, आणि वाटेत दोनदा खाली ठेवली.

मग त्याने जोड बसवला, नळ सोडून दाखवला. पाणी सरळ खाली गेलं. सूनबाई त्याचे आभार मानत राहिली. इतके, की तोच ओशाळला. दाराशी तो बुटांत पाय घालत होता, पण पाय जात नव्हता. "आखडले वाटतं," तो म्हणाला. बूट हातात घेऊन तो अनवाणीच जिना उतरायला लागला.

ती खोलीत आली. सासूबाई खुर्चीत नव्हत्या. चालत पलंगापर्यंत गेल्या होत्या आणि चक्क उताण्या, आडव्या, गाढ झोपल्या होत्या. श्वासाला कसलाही आवाज नव्हता. सूनबाई कितीतरी वेळ तो श्वास बघत उभी राहिली. कुणाकुणाचे उपकार मानावेत ते तिला कळेना.

खुर्चीखालचा वीतभर चौकोन तेवढा ओला होता. तिने शेवटची चादर दाबली.

सातवी बादली काठोकाठ भरली. नितळ. तळ दिसत होता. अंगाइतकी ऊन.

तिने कडीला हात घालायला बोटं पुढे केली. बोटं कडीपासून इंचभरावर थांबली. पलंगावरचा श्वास संथ चालू होता. आता कुणाचं काय गेलं ते मोजायला अवघड नव्हतं. सासूबाईंचं काही गेलं नव्हतं. तिचंही नाही. सहा बादल्या एकाच्या नावावर होत्या, आणि तो अजून जिन्यातच होता. पायऱ्या उतरायला त्याला फार वेळ लागत होता.

ती दाराशी गेली आणि कठड्यावरून वाकली.

"अहो," तिने हळूच हाक मारली, "एक बादली राहिली."

खाली पावलं थांबली.

"राहू द्या वहिनी," खालून आवाज आला. "तुम्ही हात लावू नका. मी येतो."

तिने दार सताड उघडं धरलं. अनवाणी पावलं एकेका पायरीवर टेकत वर यायला लागली.