पैलवानानं अंग झाडलं नाही

बारामतीच्या स्टँडवर एकची इंदापूर गाडी लागली आणि दारात रोजची कुस्ती सुरू झाली. स्वप्नालीनं त्या कुस्तीच्या नादी न लागता खिडकीतून आपलं मानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक सीटवर टाकलं आणि निश्चिंत झाली. खिडकीतून टाकलेल्या वस्तूला आपल्याकडं सातबाऱ्याचा मान असतो.

पण आत पोचते तर काय... पुस्तकाखाली निळ्या चौकडीचा रुमाल, आणि रुमालाचा मालक सीटला टेकून उभा! उंच, सावळा, अंगात कारखान्याचा खाकी शर्ट.

"खाली हाय तो आधीचा, वर हाय तो नंतरचा," तो म्हणाला. "हिशेब सरळ हाय, मॅडम."

"रुमाल काय, कुणीही टाकतं. पुस्तकाला वजन असतं."

"व्हय की. माझ्या रुमालाचा जीव गेला त्याच्याखाली."

मागं डाळिंबाची पाटी घेऊन शकुबाई खोळंबली होती. ती करवादली, "आरं, दोघांची सीट हाय ती! बसा की दोघं. न्हायतर मी बसते!"

दोघं एकदमच बसले.

"वस्तू आपली म्हटली, की माणूस तिचा भाव उगाच वाढवतो," स्वप्नालीनं पुस्तक मांडीवर घेत ऐकवलं. "तुमचं आत्ता तेच झालं."

"आणि तुमचं?"

"माझं काय? मी नियम सांगतेय."

तो खिडकीकडं तोंड करून हसला. बाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मळीच्या उग्र वासात त्याच्या शर्टाचा साबणाचा वास मधूनच येत होता... आणि तो आपल्याला मुळीच जाणवत नाही, असं स्वप्नालीनं ठरवून टाकलं.

त्याचं नाव अविराज. बारामतीत मामाकडं राहायचा, लोणी देवकरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायचा. ती निरवांगीची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मन स्वतःच्या बचावासाठी काय काय खेळ्या करतं, हे शिकल्यापासून तिनं आख्ख्या गावाचा हिशेब मांडला होता. वरच्या साहेबाचं बोलणं खाऊन कंडक्टर प्रवाशांवर डाफरला, की ते विस्थापन. भिंतीला कान लावून बसणारी विजयमाला काकू 'शेजारीण लई भोचक' म्हणाली, की ते प्रक्षेपण, म्हणजे आपलं कलम दुसऱ्याच्या नावे टाकणं. सगळ्यांची खाती भरलेली. एक स्वतःचं तेवढं कोरं.

दुसऱ्या दिवशी सीटवर रुमाल होता. तिसऱ्या दिवशीही. आठवड्यानंतर तिनं पुस्तक टाकायचंच सोडलं.

"आज कुणाला कुठलं नाव दिलं?" तो विचारायचा.

"तुम्हालाच. मुद्दाम उशिरा हसता, म्हणजे विनोद कळला नाही हे लपवता."

"न्हाय हो. तुमी बोलताना मी बघत असतो, त्यामुळं ऐकायचं राहून जातं..."

यावर ती निरवांगीचा फाटा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मग एका दुपारी, गाडी निम्मी रिकामी असताना, रुमालाची घडी घालत, उलगडत, पुन्हा घालत तो म्हणाला, "स्वप्नाली... मला तुमी आवडता. घरच्यांना धाडू का तुमच्याकडं?"

तिनं मांडीवरचं पुस्तक घट्ट मिटलं. आणि तोंडातून काय निघावं?

"रोज एकच चेहरा बघितला की तो आवडायला लागतो. नियमच आहे तसा. उद्या कंडक्टरही आवडेल."

अविराजनं रुमाल खिशात घातला. "दीड वर्षं झालं कंडक्टरला रोज बघतोय," तो हळूच म्हणाला. "न्हाय आवडला."

तिला हसू आलं, पण तो हसत नव्हता.

"तुमी सगळ्याला नाव देता. ह्याला काय नाव द्यायचं ते ठरलं, की सांगा."

फाटा आला. ती उतरली. सोमवारी एकच्या गाडीत रुमाल नव्हता. मंगळवारीही नाही. कंडक्टरनं आपणहून सांगितलं, "पाळी बदलून घेतली त्यानं."

"बरंच झालं," स्वप्नाली मैत्रिणीला, सोनलला म्हणाली. "पाळीची नोकरी, रात्रीची जागरणं... मला तसंही कुठं चाललं असतं?"

सोनल चिंच चोखत होती. "कोल्ह्याला द्राक्षं आंबट का गं?"

"तुला काही कळत नाही!" म्हणून स्वप्नाली तरातरा निघून गेली. घरी येऊन तिनं भांडी अशी आदळली, की आई म्हाळसा चुलीपासून म्हणाली, "भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

कंडक्टरच्या खात्यातलं कलम आपल्या खात्यात आलंय, हे तिला तेव्हाही दिसलं नाही.

परीक्षा संपली त्या रविवारी तिच्या वडलांनी, आबांनी जाहीर केलं, "पाव्हणं येत्यात. पोरगं नोकरीला हाय." तिनं नावही विचारलं नाही. पोह्यांचा ट्रे घेऊन खाली मान घालून गेली. समोरचा एक हात कपाळावरचा घाम टिपत होता. निळ्या चौकडीच्या रुमालानं.

खाली घातलेली मान झटकन वर आली.

अविराज तिच्याकडंच बघत होता. त्याचे मामा बापूसाहेब बोलत होते, आबांचे हुंकार चांगले पडत होते, सगळं जुळत आलं होतं. आणि आबा उठले.

"आता पैलवानाला इचारू."

पैलवान म्हणजे घरचा एडका. एके काळी घरात मेंढरांचं मोठं खांड होतं. आता मेंढरं जाऊन डाळिंबं आली, पण एक एडका आबांनी ठेवला होताच. घरात काहीही ठरवायचं तर त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा, पाठीवर पाणी ओतायचं. त्यानं अंग झाडलं, की देवाचा होकार. बोअर घेताना असंच झाडलं होतं. बोअर कोरडी गेली, तेव्हा आबा म्हणाले होते, "अर्धंच झाडलं हुतं, माझ्याच ध्यानात आलं न्हाय." स्वप्नाली आजवर यावर पोटभर हसली होती.

आज मात्र ती ट्रे घट्ट धरून उभी राहिली.

आबांनी अंगणात त्याच्या पाठीवर तांब्या ओतला. पैलवान उभा. दुसरा ओतला. पैलवान ढिम्म. तिसऱ्याला त्यानं डोळे मिटले. अविराजचा चेहरा उतरत गेला, आणि बापूसाहेबांची नजर चपलांकडं वळली.

"देवाच्या मनात न्हाय, पाव्हणं," आबा खाली बघत म्हणाले.

*बरंच झालं,* स्वप्नालीच्या मनात कुणीतरी तयारच होतं. *पाळीची नोकरी... जागरणं...* तिनं त्या आवाजाला ओळखलं. आख्ख्या गावात ऐकला होता की तो! बोअर कोरडी गेली तेव्हा आबांच्या तोंडून हाच बोलला होता. फक्त आज तो तिच्याच मनातून बोलत होता.

तिनं ट्रे खाली ठेवला.

"आबा, बोअरच्या वेळी ह्यानं अंग झाडलं होतं. पाणी लागलं?"

"अर्धंच..."

"कालच तुम्ही त्याची लोकर कातरली. चैताचं ऊन, उघडी पाठ, वर गार पाणी. सुख लागलंय त्याला! तुमच्या पाठीवर ओतलं तर तुम्ही तरी झाडाल का?"

म्हाळसानं पदर तोंडाला लावला. पदर हलत होता.

"देव काय बोलायचं ते बोलेल," स्वप्नाली आता थांबणार नव्हती. "मी माझं बोलते. मला हे पसंत आहेत. एकच्या गाडीत रुमाल नसला, की... सीट फार मोठी वाटते."

अविराजचे कान लाल झाले.

"पोरगी सोता बोलली," म्हाळसा म्हणाली. "आता आणि कुणाला इचारताय? एडक्याला नांदायचंय व्हय?"

आबांनी पुन्हा तांब्या उचलला. एवढ्यात पैलवान शांतपणे पुढं आला, अविराजच्या खिशातून लोंबणारा रुमाल दातात धरला आणि रवंथ केल्यासारखा चावू लागला.

"बगा! बगा!" आबा उसळलेच. "पाव्हण्याचा आहेर घेतला देवानं! अंग काय, कुनीबी झाडतंय. असला कौल सात पिढ्यांत झाला न्हाय. मला तर पोरगं दारात आलं तवाच म्हायती हुतं!"

झाल्यावर 'मला आधीच माहीत होतं' म्हणणं... यालाही पुस्तकात नाव होतं. स्वप्नालीच्या जिभेवरही आलं. तिनं ते गिळलं आणि आबांच्या पाया पडली.

पुढच्या सोमवारी ती कॉलेजात निकालाची तारीख विचारून स्टँडवर आली, तर एकची गाडी लागलेली आणि खिडकीखाली अविराज उभा. दुसरी पाळी त्यानं परत मागून घेतली होती. ती सोडली होती तीच मुळी दुपारी गावोगाव फिरून नातेवाइकांना राजी करायला, म्हणजे तिचं उत्तर रीतसर तिच्या घरीच विचारता येईल.

"रुमाल?" तिनं विचारलं.

"पैलवानाच्या पोटात."

तिनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि खिडकीतून नेम धरून सीटवर टाकलं. मागून शकुबाई पाटी सावरत ओरडली, "आज कुणाची गं सीट?"

"आमची!" स्वप्नाली म्हणाली.

गाडी सुटली. तो जवळ सरकून हळूच म्हणाला, "नाव ठरलं का मग?"

"ठरलं." ती खिडकीबाहेर बघत होती. आज बाहेर बघण्यासारखं पुष्कळ होतं. "पण पुस्तकात नाही ते."